सहा माणसं, सहा आठवडे आणि एक मोटारहोम

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. आई-बाबा जूनमध्ये सांगलीहून येत आहेत, मुलं नऊ आणि सहा वर्षांची आहेत, आणि सगळ्यांनी मिळून सहा आठवड्यांची सवड काढली आहे. एडिसनहून सॅन फ्रान्सिस्को आणि परत, वाटेत बॅडलँड्स, यलोस्टोन, झायन ही राष्ट्रीय उद्यानं. त्यासाठी वापरलेलं मोटारहोम, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, विकत घ्यायचं मनात आहे. दोन पाहून ठेवली आहेत: एक ३२ फुटी क्लास ए, म्हणजे बससारख्या सपाट तोंडाचं, दुसरं मर्सिडीझ स्प्रिंटर व्हॅनवर बांधलेलं २४ फुटी क्लास सी, म्हणजे पुढचा भाग मूळ व्हॅनचाच असलेलं. दोन्हींच्या जाहिरातीत ‘सहा जणांची झोपायची सोय’ असं लिहिलं आहे. यातलं कुठलं घ्यावं? आणि शेवटी त्यांनी सहज म्हणून लिहिलं आहे की घरी सात सीटची मिनीव्हॅन आहे, ती तेवढे दिवस कुठे ठेवावी?

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यात निम्मं उत्तर आहे. पण तिथवर टप्प्याटप्प्याने जाऊ, म्हणजे मी असं का म्हणतो ते पटेल.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी ओहायोत कोलंबसला राहतो. गेल्या चौदा वर्षांत तीन मोटारहोम वापरली आणि पाच वेळा पूर्वेकडून पश्चिमेला जाऊन आलो. त्यातल्या दोन खेपांना माझी आई बरोबर होती, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. त्यामुळे हे उत्तर तुमच्यासारख्या कुटुंबासाठी आहे. दोघंच जण असते तर मी अगदी वेगळं सांगितलं असतं.

तुम्ही ‘क्लास ए की क्लास सी’ असं विचारलं आहे. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: गाडी धावत असताना सहा जण कुठे बसणार, रात्री आई-बाबा कुठे झोपणार, आणि या सगळ्यांचं सामानासकट वजन ती गाडी पेलेल का? याची उत्तरं मिळाली की क्लास आपोआप ठरतो.

बसण्यापासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत याबद्दल काहीच नसतं. झोपायच्या जागा आणि सीट बेल्ट हे दोन वेगळे आकडे आहेत. सहा जण झोपू शकणाऱ्या गाडीत बेल्ट चारच असलेले मी पाहिले आहेत. क्लास सी मध्ये साधारणपणे पुढे दोन आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन बाकांवर चार बेल्ट असतात. त्या चारांतल्या दोन जागांची तोंडं मागच्या बाजूला असतात. शिवाय या बाकांवरचे बेल्ट बहुतेक वेळा फक्त कमरेचे असतात, खांद्यावरून येणारा पट्टा नसतो. तुमच्या सहा वर्षांच्या मुलासाठी ही मोठी अडचण आहे, कारण बूस्टर सीटला खांद्याचा पट्टा लागतोच. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर वापरणं धोक्याचं आहे. त्याला स्वतःचे पट्टे असलेली, पुढे तोंड असलेली कार सीट लागेल, तीही पुढे तोंड असलेल्या दोनपैकी एका जागेवर. आता बसवून बघा: पुढे तुम्ही आणि एक जण, बाकावर दोन मुलं, आणि उरलेल्या दोघांनी उलट्या दिशेला तोंड करून नेब्रास्काच्या सपाट रस्त्यावर रोज पाच तास बसायचं. ते दोघं कोण असणार? आई-बाबा तोंडाने नाही म्हणणार नाहीत. माझ्या आईनेही म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिला काही खावंसं वाटेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सोफ्यावर आडवं बसायची जागा असली तर? तिथे बेल्ट असला तरी लांबच्या प्रवासासाठी मी ती जागा धरत नाही, मुलांसाठी तर नाहीच. आणि गाडी धावताना कोणी पलंगावर आडवं होणं, हे तर घडूच द्यायचं नाही.

म्हणून माझा सल्ला असा की मिनीव्हॅन कुठे ठेवायची याचा विचार करू नका, ती बरोबर न्या. तुम्हा नवरा-बायकोपैकी एक जण मोटारहोम चालवेल, दुसरा मिनीव्हॅन. आई-बाबा आणि मुलं व्हॅनमध्ये, खांद्याच्या पट्ट्यांसकट, हवेशीर बसतील. मोटारहोममध्ये चालकाबरोबर पुढच्या सीटवर आळीपाळीने कोणीतरी एक. दोघांनाही रोज चालवावं लागेल हा तोटा आहे, आणि तो लहान नाही. त्यामुळे दिवसाला अडीचशे-तीनशे मैलांच्या वर जायचं नाही आणि दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं. मोटारहोमला तसंही फोनवरच्या नकाशापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तुम्ही दोघंही गाडी चालवत असाल तरच हा मार्ग धरा. एकच जण चालवणार असेल तर पुढचं सगळं गणित बदलेल. मग मी सहा आठवड्यांचा हट्ट सोडून आई-बाबांना विमानाने सॉल्ट लेक सिटीला बोलवा आणि मधले दहा-बारा दिवसच बरोबर न्या असं म्हणेन.

आता वजन. २००८ नंतर बनलेल्या मोटारहोममध्ये दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड चालतील ते तिच्यावर छापलेलं असतं. दोन्ही गाड्यांच्या त्या पट्टीचा फोटो आधी मागवा, आतल्या फर्निचरचे फोटो नंतर. आणि पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की टाकीतलं पाणीही सामानात धरायचं.

तुमचा हिशोब मी असा करतो. सगळे एकदम आत बसले असं धरून चार मोठे आणि दोन मुलं मिळून सव्वासातशे पौंड. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३२. कपडे-अंथरुणं दोनशे. स्वयंपाकाची भांडी आणि शिधा दीडशे. खुर्च्या, पाण्याचे आणि मैल्याचे पाइप, वीजेची केबल, चाकाखालचे ठोकळे, हत्यारं आणखी दीडशे. झाले साडेपंधराशेच्या वर. स्प्रिंटर ३५०० च्या सांगाड्याची एकूण वजनमर्यादा ११,०३० पौंड आहे. त्यावर कपाटं, बाथरूम, पलंग, जनरेटर चढवल्यावर फारसं काही उरत नाही. मी ज्या २४ फुटी स्प्रिंटरच्या पट्ट्या वाचल्या आहेत त्यांच्यावर हजार पौंडांच्या आसपासचे आकडे होते. गाडी छान आहे, चालवायला हलकी आहे, पण ती दोघांसाठी किंवा फार तर तिघांसाठी आहे. फोर्ड ई-४५० च्या नव्या सांगाड्याची मर्यादा १४,५०० पौंड आहे आणि त्यावरच्या २६ ते २९ फुटी गाडीत दोन हजार पौंड मोकळे सापडू शकतात. सापडतीलच असं नाही, पट्टी वाचूनच कळेल.

पट्टीसुद्धा अंतिम नाही. आधीच्या मालकाने नंतर बसवलेल्या जादा बॅटऱ्या, सोलर पॅनेल, मागचा सायकल रॅक तिच्यावर नसतो. म्हणून निघण्याआधी सगळं भरून, माणसं बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर गाडी तोला. पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मागचा आस बहुतेक वेळा मर्यादेच्या जवळ असतो. टायरमधली हवाही याच आकड्यांवरून ठरवायची. या तोलाईला फार थोडे डॉलर लागतात. मी प्रत्येक मोठ्या खेपेआधी ती करतो.

३२ फुटी क्लास ए बद्दल. वजनाच्या आणि ऐसपैसपणाच्या बाबतीत ती जिंकते. पण वापरलेल्या, पेट्रोलवरच्या अनेक क्लास ए गाड्यांमध्ये चालकासाठीसुद्धा एअरबॅग नसते. क्लास सी चा पुढचा भाग मूळ व्हॅनचा असल्याने तिथे ती असते. मुलं घेऊन जाताना मला हा फरक मोठा वाटतो. दुसरं म्हणजे वारा. वायोमिंगमध्ये शायेन ते लॅरमी आणि पुढे एल्क माउंटनजवळ आय-८० महामार्गावर असा वारा सुटतो की उंच आणि हलक्या गाड्यांना काही तास रस्ता बंद ठेवतात. सपाट तोंडाची उंच गाडी पहिल्यांदाच चालवणाऱ्याला तिथे हात घट्ट धरून बसावं लागतं.

लांबीचं म्हणाल तर राष्ट्रीय उद्यानांमधल्या मुक्कामाच्या जागा बऱ्याचशा १९३० ते १९६० च्या दशकांत आखलेल्या आहेत. तेव्हाच्या गाड्या लहान होत्या. अजूनही अनेक जागांना २७ किंवा ३० फुटांची मर्यादा असते, आणि ३२ फुटी गाडीला चांगल्या जागा मिळतच नाहीत. माझं पहिलं मोटारहोम ३१ फुटी होतं. त्याच्या मागच्या चाकांच्या मागे शेपटासारखा बराच भाग लोंबता होता. इंडियानात एका पेट्रोल पंपावर मी उजवीकडे वळलो तेव्हा ते शेपूट डावीकडे फिरलं आणि पिवळ्या खांबाने बाजूची भिंत चार फूट फाडली. वळण मी नीट घेतलं होतं, पण मागे किती भाग बाहेर येतो हे मला माहीतच नव्हतं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर टेपने मोजा. एकूण लांबीच्या निम्म्याच्या आसपासच असेल तर नको म्हणा. ५४-५५ टक्क्यांच्या वर असेल तर ती रस्त्यावर सरळ चालते आणि वाऱ्यात कमी डोलते.

झायनचंही इथेच सांगतो. १९३० साली खुला झालेला तिथला माउंट कार्मेलचा बोगदा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा आरशांसकट ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांसाठी अरुंद पडतो. वर्षानुवर्षं अशा गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवली जायची. २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना तिथून पाठवायचंच नाही असं उद्यानाने जाहीर केलं आहे. बहुतेक सगळी मोटारहोम या मापाच्या बाहेर पडतात. पण तुमच्याकडे व्हॅन असेल तर घर पश्चिमेच्या बाजूला मुक्कामाच्या जागी ठेवायचं आणि त्या बोगद्यातून, त्या लाल कड्यांमधून आई-बाबांना व्हॅनने फिरवून आणायचं. यलोस्टोनमध्येही तेच. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या फवाऱ्याजवळच्या वाहनतळावर मोटारहोम घेऊन जागा शोधत फिरण्यापेक्षा व्हॅन दहापट सोयीची.

इथपर्यंतचं थोडक्यात: मिनीव्हॅन बरोबर, आणि ई-४५० वरचं २६ ते २९ फुटी क्लास सी. तुम्ही पाहिलेल्या दोन्हींपैकी एकही नाही. वाईट वाटेल, पण अजून पैसे दिलेले नाहीत हे बरं आहे.

आता आतली रचना. क्लास सी मध्ये चालकाच्या डोक्यावर एक पलंग असतो, शिडीने चढायचा. तो मुलांचा. कडेला जाळी किंवा कठडा आहे का आणि तिथे किती वजन चालतं ते बघा. मागचा पलंग आई-बाबांचा. तो कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला नको, कारण आत झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग किंवा दोन सुटे पलंग बघा, आणि तिथून संडास चार पावलांवर असावा. बाहेरच्या पायऱ्यांची उंची आणि दाराजवळची धरायची दांडी तुम्ही नका तपासू. तुमच्या बाबांच्या वयाच्या कोणाला तरी नेऊन चढायला लावा. तुम्ही दोघं टेबल मोडून केलेल्या अंथरुणावर. बेचाळीस रात्री ते मांडायचं आणि सकाळी आवरायचं याचा कंटाळा येतो. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा केओएसारख्या खासगी मुक्कामाच्या ठिकाणी शेजारची लाकडी खोली घ्या. आई-बाबांना तिथे स्थिर पलंग मिळेल आणि तुम्हाला मागचा पलंग.

बाहेर सरकणारी भिंत असेल तर एक परीक्षा जरूर घ्या: ती आत घेतलेली असताना संडासात जाता येतं का, फ्रिज उघडतो का, मागच्या पलंगापर्यंत पोचता येतं का? दुकानात ती नेहमी उघडून ठेवलेली असते. वाटेत विश्रांतीसाठी थांबाल तेव्हा ती बंद असेल, आणि संडासासाठीच तर आपण हे घर बरोबर नेतोय.

पाण्याच्या टाक्या तीन असतात: स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची आणि मैल्याची. सहा जणांत दुसरी टाकी सगळ्यात आधी भरते. आपल्याकडे भांडी वाहत्या पाण्याखाली घासायची सवय आहे. आईला आधीच सांगून ठेवा की ताटं कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात विसळायची. संडासात आपण पाणी वापरतो, त्याची काळजी नको. मैल्याच्या टाकीला पाणी जास्तच लागतं, नाहीतर ती नीट रिकामी होत नाही. तुमच्यासारख्या कुटुंबाने दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडता येतील अशी जागा घ्यावी. यलोस्टोनमध्ये अशी जागा फक्त फिशिंग ब्रिजला आहे आणि ती फार लवकर भरते, म्हणून गाडीच्या आधी तिचं बुकिंग बघा.

स्वयंपाक. फोडणी बाहेर करा, सुट्या शेगडीवर. आत केली तर वास गाद्यांमध्ये मुरतो आणि धुराची सूचना देणारी घंटा वाजते. अस्वलांच्या प्रदेशात मात्र शेगडी, भांडी, तेलाची बाटली, काहीही बाहेर ठेवून झोपायचं नाही. प्रेशर कुकर नक्की घ्या. यलोस्टोन सरोवर ७,७०० फुटांच्या वर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही. इंडक्शन शेगडी नेणार असाल तर लक्षात ठेवा, ३० अँपिअरच्या जोडणीला एकूण ३,६०० वॅट मिळतात. छतावरचा एसी आणि इंडक्शन एकाच वेळी चालले आणि त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की वीज गेलीच.

गाडी जुनी घेताना मी दोन गोष्टींना सगळ्यात जास्त वेळ देतो, पाणी आणि टायर. क्लास सी मध्ये डोक्यावरच्या पलंगाचे कोपरे ही गळतीची नेहमीची जागा. गादी उचलून तिथलं लाकूड अंगठ्याने दाबा. मऊ लागलं, कुबट वास आला किंवा बाहेरची भिंत फुगलेली दिसली तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे निर्मितीचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझी दुसरी गाडी घेतली तेव्हा टायरांच्या खाचा नव्यासारख्या होत्या, म्हणून मी आकडे पाहिले नाहीत. ते आठ वर्षांचे निघाले. नेब्रास्कात आय-८० वर मागच्या जोडचाकातला आतला टायर फुटला, चाकावरचं आवरण आणि सांडपाण्याचा पाइप फाडून गेला, आणि आई मागेच बसली होती. कोणाला इजा झाली नाही. तेव्हापासून सहा वर्षांच्या वरचे टायर मी बदलूनच निघतो आणि तो खर्च गाडीच्या किमतीत धरतो. मोटारहोम तपासणारे स्वतंत्र निरीक्षक मिळतात, विकणाऱ्याने सुचवलेला न घेता तुम्ही स्वतः शोधलेला घ्या.

पेट्रोलच्या खर्चाला लोक उगाच घाबरतात. तुमचा प्रवास सात हजार मैलांचा धरू. गॅलनला आठ मैल देणारी ई-४५० ८७५ गॅलन पिईल, पंधरा मैल देणारी डिझेलवरची स्प्रिंटर ४६७ गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर फरक चौदाशे डॉलरच्या आसपास येतो, आणि डिझेल महाग असलं तर त्याहूनही कमी. व्हॅनचे आणखी हजारेक डॉलर धरा. सहा माणसांच्या सहा आठवड्यांत हा आकडा निर्णय फिरवण्याएवढा नाही.

रस्त्याच्या दोन सूचना, कारण त्या गाडीच्या उंचीशी आणि आतल्या प्रोपेन गॅसशी जोडलेल्या आहेत. गाडीची खरी उंची, एसी धरून, फूट-इंचांत कागदावर लिहून समोर चिकटवा. नेहमीचे नकाशे उंची बघत नाहीत, आणि न्यूयॉर्कच्या पार्कवे नावाच्या रस्त्यांवरचे पूल इतके बुटके आहेत की मोटारहोमला तिथे बंदीच आहे. आणि परतताना वॉशिंग्टनकडून येणार असाल तर बाल्टिमोरच्या बोगद्यांतून मोटारहोमची प्रोपेनची टाकी नेता येत नाही. पूर्वी त्यासाठी तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज या पुलावरून जायचो, तो मार्च २०२४ मध्ये कोसळला. आता आय-६९५ ने पश्चिमेकडून वळसा घ्यायचा. घाटांसाठी एकच सांगतो: बॅडलँड्सहून यलोस्टोनला जाताना बिगहॉर्न डोंगर लागतील, तिथे बफेलोहून यूएस-१६ घ्या, १४-ए चा तीव्र उतार पहिल्या खेपेला नको.

विकत की भाड्याने, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. या खेपेनंतर वर्षातून चार-पाच आठवडे तरी ती वापरली जाणार असेल आणि ठेवायला जागा असेल तर विकत घ्या. दारात उभी करायला तुमच्या टाउनशिपची परवानगी आहे का ते आधी बघा. नसेल तर वर्षभराचं ठेवण्याचं भाडं धरा. तसं नसेल तर भाड्यानेच. काहीही ठरवलं तरी एप्रिलमध्ये अशीच गाडी तीन रात्रींसाठी भाड्याने घेऊन पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत जाऊन या, मुलांसकट, पाऊस असला तरी. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी अशा तीन रात्रींनंतर आपली निवड बदलली.

आता एवढं करा. ई-४५० वरची दोन-तीन वाहनं शोधा आणि प्रत्येकाच्या दारावरच्या पट्टीचा आकडा, बेल्टची संख्या आणि त्यातले खांद्याचे किती, दोन चाकांमधलं अंतर, आणि सहाही टायरांचे चार आकडे लिहून पाठवा. आणि बाबांचे गुडघे कसे आहेत तेही कळवा, डोक्यावरच्या पलंगाखेरीज बाकी सगळं त्यावर ठरेल.